‘उर्फ’च्या अलीकडचं नाव

आमच्या विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यापासून दोन गल्ल्या आत एक निवृत्त सुभेदार राहतात. नोकरी सगळी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. एका रविवारी त्यांनी मला बोलावलं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक लांबरुंद कागद पसरलेला होता. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात, माँट्रियलला असलेल्या लेकीनं पाठवलेला. तिचा नवरा तिथलाच, फ्रेंच बोलणाऱ्या घरातला. दोघांना बाळ होणार होतं आणि सासूबाईंनी नातवंडासाठी वंशवृक्षाचा तक्ता केला होता. त्यांची बाजू अकरा पिढ्या मागे, थेट १६६५ साली कॅनडात उतरलेल्या एका शिपायापर्यंत भरलेली. दुसरी बाजू कोरी. खाली लेकीच्या अक्षरात ओळ होती, “आबा, आपली बाजू भरून द्या.”

आबांना तीन नावं सांगता आली. स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं. आजोबांच्या वडिलांपाशी ते थांबले आणि म्हणाले, “सातबारावर असेल. पण आमचं आडनाव तिथं वेगळंच आहे म्हणे.”

हे वाक्य महत्त्वाचं होतं. पूर्वज शोधणारे बहुतेक जण आडनाव धरून मागे जातात आणि एका ठिकाणी अडतात. अडतात तिथं माणसं संपलेली नसतात. आडनाव संपलेलं असतं. आडनाव म्हणजे रक्ताचा पुरावा नव्हे. कुणीतरी, कुठल्यातरी दिवशी, कुठल्यातरी कामासाठी लिहिलेली ती नोंद आहे. म्हणून नावापेक्षा नाव बदललं तो क्षण शोधावा लागतो. या प्रकरणात तेवढंच सांगायचं आहे, पण ते सांगायला क्यूबेकपासून कोकणापर्यंत जावं लागेल.

आधी सासूबाईंचा तक्ता. त्यात पहिल्या पुरुषाच्या आडनावापुढे ‘दित्’ असा शब्द होता आणि त्यापुढे दुसरं आडनाव. ‘दित्’ म्हणजे ‘म्हटला जाणारा’. आपल्याकडच्या ‘उर्फ’चा सख्खा भाऊ. १६६५ साली फ्रान्सच्या राजानं आपल्या वसाहतीच्या रक्षणासाठी कारिन्याँ-सालिएर नावाची पलटण पाठवली. फ्रेंच सैन्यात शिपायाला लष्करी टोपणनाव मिळायचं. कुणी ‘साँसूसी’, म्हणजे बिनघोर. कुणी ‘लाफ्लर’, म्हणजे फूल. पलटणीतले सुमारे चारशे जण तिथंच जमीन घेऊन राहिले आणि टोपणनावं त्यांच्याबरोबर राहिली. पुढच्या पिढीत एका भावानं मूळ आडनाव चालवलं, दुसऱ्यानं टोपणनाव, तिसऱ्यानं दोन्ही. पुढे कामासाठी अमेरिकेत गेलेल्यांतले काही ‘ल्ब्लाँ’चे ‘व्हाइट’ झाले, काही ‘रुआ’चे ‘किंग’ झाले. इतकी गुंतागुंत असूनही त्यांना अकरा पिढ्या सापडतात, कारण क्यूबेकच्या पाद्र्यानं प्रत्येक बारसं, लग्न आणि दफन लिहिलं. वहीच्या दोन प्रती असत. एक चर्चमध्ये, एक न्यायालयात. क्यूबेकमध्ये ही चर्चची वहीच १९९३ अखेरपर्यंत सरकारी नोंद म्हणून चालत होती. माँट्रियल विद्यापीठानं १९६६ पासून या जुन्या वह्यांतल्या नोंदी एकमेकींना जोडून त्यांचा मोठा संग्रह उभा केला आहे.

तक्ता पाहताना मला मात्र दुसऱ्याच गोष्टीनं थांबवलं. बायकांचे सगळे चौकोन भरलेले होते, आणि प्रत्येकीचं आडनाव माहेरचं होतं. लग्नाच्या नोंदीत तेच, मुलांच्या बारशाच्या नोंदीत तेच, दफनाच्या नोंदीतही तेच. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत राजाच्या खर्चानं सुमारे आठशे मुली लग्नासाठी त्या वसाहतीत नेल्या गेल्या. बऱ्याचशा गरीब, काही अनाथ. तरीही त्यांच्यातल्या बहुतेकींचं नाव, आईबापांचं नाव आणि मूळ गाव आज सांगता येतं. १९८१ पासून तर क्यूबेकचा कायदाच असा आहे, की लग्नानंतरही दोघांनी आपापलं जन्माचं नाव चालवायचं.

ही गोष्ट मनात ठेवू. आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

‘लाफ्लर’ वाचलं आणि मला आमच्या शेजारचं फुलेनगर आठवलं. महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. गावात चौगुल्याचं वतन. घराणं पुण्यात आलं, फुलांच्या धंद्यात नाव झालं, पेशव्यांकडे फुलं पुरवू लागलं आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. म्हणजे कटगुणच्या कागदांत शोधायचं तर ‘गोऱ्हे’ किंवा ‘चौगुला’ म्हणून, आणि पुण्याच्या कागदांत ‘फुले’ म्हणून. ज्याला हा सांधा ठाऊक नाही, त्याच्या हाती दोन्ही गावांत निम्मंच घराणं लागेल.

असे सांधे आपल्याकडे जागोजाग आहेत. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं आणि पद हेच आडनाव झालं. नाना फडणवीस मूळचे भानू. मास्टर दीनानाथांच्या वडिलांचं घराणं मंगेशीच्या देवळात अभिषेक करायचं म्हणून अभिषेकी. दीनानाथांनी गावावरून मंगेशकर हे नाव घेतलं आणि पुढचा इतिहास त्या नावानं घडला. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही तर सरळ पदांची नावं. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्यानं गेलं, महसुली पाटीलकी १९६२ च्या. पद गेलं, नाव राहिलं. म्हणून ‘आमचं आडनाव पाटील’ एवढ्यावर शोध सुरूच होत नाही. पाटील शिंदेही असतात, जाधवही असतात, माळीही असतात, आगरीही असतात. जुनी माणसं सोयरीक जमवताना आडनावावर थांबत नसत. मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, देवक काय, हे विचारत. लग्नात मांडवाला बांधायचं ते देवक, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं कळंब. आडनाव बदललं तरी देवक सहसा बदलत नाही. शोधणाऱ्याला ते फार उपयोगी पडतं.

आबांचं आडनाव मी लिहीत नाही. शेवटी ‘कर’ आहे एवढं पुरे. या ‘कर’बद्दल एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. इंदापुरात राहणाऱ्याला इंदापुरात कुणी इंदापूरकर म्हणत नाही. तो गाव सोडून जातो, तेव्हा नव्या गावात त्याला त्या नावानं ओळखतात. म्हणजे ‘कर’ हा गावात असल्याचा नव्हे, गाव सुटल्याचा पुरावा आहे. कोकणातल्या बेने इस्रायली कुटुंबांनी पेण, दिवे, राजपुरी, नवगाव या गावांची नावं अशीच आपल्या हिब्रू नावांना जोडली. आज इस्रायलमध्ये राहणाऱ्या एखाद्या पेणकराच्या नावात रायगड जिल्ह्यातलं गाव आहे, ते त्याच्या पणजोबांनी सोडलं म्हणूनच.

आडनाव कागदावर पक्कं करण्याचं काम मुख्यतः इंग्रजी अमलात झालं. त्याआधीच्या मोडी कागदांत माणूस ‘अमुक बिन तमुक’ असतो. बिन म्हणजे मुलगा. पुढे आडनाव किंवा उपनाव असलं तर असतं, नसलं तर ‘मौजे’ आणि गाव. भीमा कोरेगावचा स्तंभ आमच्याकडून फार लांब नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्यावर कोरली आहेत. त्यांतली बावीस नावं ‘नाक’नं संपतात. महार पुरुषांच्या नावाला जोडायचा तो प्रत्यय. आडनाव नाही, पण त्या एका प्रत्ययानं समाज ओळखता येतो. त्यानंतर मोजणी आली. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नवी जमीन मोजणी सुरू केली आणि शेताच्या प्रत्येक तुकड्याला एक नंबर आणि एक खातेदार मिळाला. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं. इनाम टिकवायचं तर ते कुणाला मिळालं आणि तुम्ही त्याचे कोण, हे सिद्ध करा, असा त्याचा रोख. घराघरांतून वंशावळी लिहून दिल्या गेल्या. कमिशननं कित्येकांची इनामं काढून घेतली, लोकांच्या मनात त्याचा राग दीर्घकाळ राहिला. पण त्या अन्यायापोटी जमा झालेले कागद आज पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराशेजारी आहेत, आणि वतनदार घराण्यांच्या वंशजांना तिथं पाच-सहा पिढ्या एका कागदावर मिळू शकतात.

मग शाळा आली, पलटण आली, कचेरी आली. प्रत्येक ठिकाणी फॉर्म, आणि फॉर्मवर नाव, बापाचं नाव, आडनाव अशा तीन जागा. तिसरी जागा रिकामी ठेवता येत नव्हती. ज्यांच्याकडे ठरलेलं आडनाव नव्हतं, किंवा होतं ते सांगायचं नव्हतं, त्यांनी गावाचं नाव सांगितलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर असं एक नाव लिहिलं गेलं. घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील रामजी सैन्यात सुभेदार, आजोबाही सैन्यातले. गाव कधीच मागे पडलेलं होतं, आणि ते नावात आलं. राज्यात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. शाळेच्या रजिस्टरातल्या एका ओळीत किती मोठा बदल मावू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आबांच्या घराण्याचा सांधा असाच शाळेत सापडला. आधी त्यांच्या सर्व्हिस बुकात पाहिलं, मग पलटणीतल्या किंड्रेड रोलमध्ये. जवानाच्या बायकामुलांची, आईवडिलांची नोंद त्यात असते. दोन्हीकडे ‘कर’. त्यांच्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही ‘कर’. मग आम्ही दाखला ज्यावरून निघतो त्या जनरल रजिस्टरापर्यंत गेलो. दाखला ही नक्कल असते, रजिस्टर मूळ. तिथं वडिलांच्या नावापुढे आधी एक आडनाव लिहून खोडलेलं होतं आणि वर दुसऱ्या शाईत ‘कर’ घातलेलं होतं. खोडलेलं आडनाव गावातल्या अर्ध्या वाडीचं. आबा म्हणाले, “म्हणजे ते आमचे भाऊबंद? आम्ही तर त्यांना शेजारी समजत होतो.” देवक विचारलं. जुळलं.

तिथून पुढे वाट मोकळी झाली. तहसील कचेरीत गाव नमुना १४ मिळाला. कोतवालानं लिहायची जन्ममृत्यूची नोंदवही. गावोगावी तिला कोतवाल बुक म्हणतात. १९०३ च्या कायद्यानंतर तयार झालेली हक्कनोंद मिळाली. फेरफार मिळाले. सातबाऱ्यावरचं एक संक्षिप्त रूप फार कामाचं असतं, ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ज्याच्या नावापुढे ते आहे, त्याच्या मागे भावाभावांचं न फुटलेलं घर उभं आहे असं समजावं आणि पुढचे वाटणीचे फेरफार शोधावेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून या सगळ्या दफ्तरांची नावं गावोगावच्या तोंडी झाली आहेत. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचं काहीही मत असो, त्या निमित्तानं हजारो कुटुंबांनी पहिल्यांदा आपल्या खापरपणजोबांचं नाव वाचलं, आणि मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मान मिळाला. पुण्यात तर भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, आणि मोडी शिकणं वाटतं तेवढं अवघड नाही. अक्षरापेक्षा सन अडवतो. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं. ही अरबी संख्या आहे: एक, सत्तर, शंभर, हजार. एकूण ११७१. हा शुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, १७७० किंवा ७१. फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे, शकात ७८ किंवा ७९.

कागदाबाहेरही वंशावळ आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांकडे गेलात तर ते आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि मग वही काढतात. तुमच्या पणजोबांनी तिथं श्राद्ध केलं असेल तर त्यांच्या हातची सही समोर येते. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे हेळवी येतात. मूळचे कर्नाटकातले. प्रत्येक हेळवी घराण्याकडे ठरलेली गावं असतात. सुगीनंतर बैल घेऊन यायचं, ओट्यावर बसायचं, घराण्याची पिढीन्‌पिढी वाचून दाखवायची, नव्यानं जन्मलेल्यांची नावं चढवायची आणि धान्य किंवा दक्षिणा घेऊन पुढच्या घरी जायचं. फ्रेंच पाद्री जे काम चर्चमध्ये बसून करत होता, ते हेळवी पायी फिरून करत आला. त्याच्या वह्या कुठल्या न्यायालयात दुसऱ्या प्रतीत ठेवलेल्या नाहीत. एक घर जळालं किंवा एका मुलानं धंदा सोडला की पन्नास गावांची वंशावळ जाते. हेळव्यांच्या वह्यांचे फोटो काढून ठेवण्याचं काम सरकारनं किंवा विद्यापीठांनी तातडीनं हाती घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वसाहतीनं नाव बदललं याची सर्वांत ठळक जागा म्हणजे गोवा आणि वसई. पोर्तुगीज अमलात बाप्तिस्मा घेणाऱ्याला धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव मिळायचं. एकाच दिवशी अनेकांचा बाप्तिस्मा झाला तर अनेकांना एकच आडनाव. म्हणून दोन फर्नांडिस एकमेकांचे कुणीच नसू शकतात, आणि एक परेरा व एक डिमेलो एकाच आजोबांचे नातू असू शकतात. क्यूबेकमध्ये एका आडनावाची दोन झाली, इथं अनेक घरांचं एक झालं. गोव्यात मागे जायला आधार आहे तो गावकारीचा. गावच्या कोमुनिदादीत, म्हणजे सामायिक जमिनीच्या गावसंस्थेत, प्रत्येक गावकार आपल्या वांगडात, म्हणजे कुळशाखेत मोडतो, आणि धर्म बदलला तरी बऱ्याच ठिकाणी गावकारीतला हक्क चालत राहिला. संमोहनविद्येचा पाया घालणाऱ्यांत गणले जाणारे आबे फारिया १७५६ साली कांदोळीला जन्मले. त्यांच्या घराण्याचा माग कोलवाळच्या एका शेणवी कुळापर्यंत लावला जातो. फारिया हे आडनाव पोर्तुगीज, आबे ही फ्रेंच पदवी, घर बारदेशातलं. पणजीतला त्यांचा पुतळा पाहताना मला हा सगळा प्रवास आठवतो.

आणि मॉरिशस. मराठी घराण्यांचा आणि फ्रेंच कागदांचा खरा सांधा तिथं आहे. हे बेट १८१० साली फ्रेंचांकडून इंग्रजांनी घेतलं, पण फ्रेंच कायदे आणि भाषा तशाच राहू दिल्या. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर नेले जाऊ लागले. पुढच्या काळात जवळपास पाच लाख माणसं पोर्ट लुई बंदरावर उतरली. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांतून कोकणातली माणसं गेली. उतरल्यावर प्रत्येकाला एक नंबर मिळाला. वहीत नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव आणि जहाज लिहिलं गेलं. पुढे फोटोही काढले गेले. आडनाव मात्र बहुधा लिहिलं गेलं नाही. मग तिथं मूल जन्मलं की फॉर्मवर आडनावाच्या जागी बापाचं पाळण्यातलं नाव बसलं. सखाराम नावाच्या माणसाची मुलं, नातवंडं, पणतवंडं सगळी ‘सखाराम’. लक्ष्मणाची ‘लक्षिमन’. लिहिणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं.

त्यामुळे मॉरिशसचा मराठी माणूस आपलं गाव शोधत रत्नागिरीत येतो, तेव्हा त्याचं आडनाव इथं कुणालाच ओळखीचं वाटत नाही. त्याच्याजवळ किल्ली असते ती नंबराची. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या वह्या जपून ठेवल्या आहेत. नंबर मिळाला की गाव मिळतं. गावाचं स्पेलिंग कसंही असलं तरी तालुक्यातल्या गावांची नावं मोठ्यानं वाचत गेलं की एखादं जुळतं. मग गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं, कुणाच्या घरातला माणूस मॉरिशसला गेला आणि परत आला नाही? लिहिणाऱ्याच्या कानावर विसंबून राहिलेली नोंद शेवटी ऐकणाऱ्याच्या कानानंच सुटते.

आता तक्त्यातल्या बायकांच्या चौकोनांकडे येऊ.

दोन महिन्यांत आबांच्या बाजूचे सहा पुरुष भरले. शेजारचे सहाही चौकोन, आबांच्या आईचा सोडला तर, कोरे. आईचंही नाव होतं ते सासरचं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं. पाळण्यातलं नाव गेलं. बापाच्या जागी नवऱ्याचं नाव आलं. माहेरचं आडनाव गेलं. तिन्ही जागा एका दिवसात बदलल्या, आणि बदलल्याची नोंद कुठेही नाही. ‘उर्फ’सुद्धा नाही. पुरुषाचं आडनाव बदललं तरी त्याचं नाव आणि बापाचं नाव हाती राहतं, बाईचं काहीच राहत नाही. जुन्या महसुली कागदांत ती ‘सखू कोम बाळा’ किंवा ‘सखुबाई भ्र. बाळा’ अशी येते. भ्र. म्हणजे भ्रतार. ती कुणाची बायको हे कळतं, कुणाची मुलगी हे नाही. कुलवृत्तांतांचे जाडजूड ग्रंथ मी आदरानं वापरतो. पिढ्यान्‌पिढ्या पत्रव्यवहार करून, गावोगाव फिरून लोकांनी ते सिद्ध केले आहेत. पण त्यांतही सुना बऱ्याचदा फक्त नावानं येतात आणि लेकी लग्नाबरोबर पानावरून निघून जातात.

खेड्यात मात्र तोंडी रीत वेगळी होती. सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची, दाभोळकरीण, चिपळूणकरीण. आबांच्या ऐंशी ओलांडलेल्या आत्या अजून गावी आहेत. त्यांना फोन लावला. आपल्या आजीचं नाव त्यांना आठवेना. पण ‘तिला सगळे गुहागरकरीण म्हणायचे’ हे आठवलं. एक गाव हाती आलं. तक्त्यात तेवढंच लिहिलं. जात्यावरच्या ओव्यांतही हेच सापडतं. हेमा राईरकर आणि पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून. त्या ओव्यांत भाऊ आहे, माहेरचा रस्ता आहे, बापाचं घर आहे. सरकारी वहीनं जे पुसलं ते बाईनं दळताना राखलं.

आबांच्या आईचं माहेर सापडलं ते मात्र कागदात, आणि ज्या कागदात सापडलं तो पाहून आम्ही दोघंही गप्प झालो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बापाच्या मागे मुलीचंही नाव वारसांत लागू लागलं. आईचे वडील १९६० च्या दशकात वारले. तिच्या माहेरगावच्या फेरफारात भावांच्या नावांखाली ती आहे: नाव, भ्रतार, सासरचं गाव. कंसात तिचं लग्नाआधीचं नावही तलाठ्यानं लिहून ठेवलं आहे. आणि लगेच पुढचा फेरफार हक्कसोडपत्राचा. भावांसाठी तिनं जमिनीवरचा हक्क सोडला, डाव्या अंगठ्याचा ठसा. तिचं माहेर आणि सासर एकाच कागदावर आलं ते तिनं माहेरचा हक्क सोडला तेव्हा. महाराष्ट्रात आजी-पणजीचा शोध घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. तिच्या नवऱ्याच्या गावात ती फारशी सापडणार नाही. तिच्या भावांच्या गावात, वारसनोंदीत आणि हक्कसोडपत्रात शोधावं.

आबांना आईचं पाळण्यातलं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते त्यांनी तक्त्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, क्यूबेकच्या बायकांसारखं. बाकीच्या पाच चौकोनांपैकी एकात गाव, चारांत काहीच नाही. तक्ता तसाच गेला.

महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव यावं. निर्णय चांगला आहे, पण अपुरा आहे. आईचं नाव आलं, तिचं माहेर आलं नाही, आणि विवाहित स्त्रीच्या नावाची जुनी पद्धत तशीच ठेवली आहे. तेव्हा ते काम सध्या तरी आपल्यालाच करायचं आहे. घरात सत्तरी-ऐंशीच्या पुढची कुणी आजी, मावशी, आत्या असेल तर या आठवड्यात तिच्याजवळ वही घेऊन बसा. लग्नाआधीचं नाव, वडिलांचं आणि आईचं नाव, माहेरचं आडनाव, गाव, तालुका, देवक. आणि तिच्या आजीला गावात काय म्हणून हाक मारत, तेही विचारा.